मादीचा सूर

हार्मोनियमला आमच्याकडे पेटी म्हणतात आणि पेटीच्या पोटात नर आणि मादी असतात. हे मी चौथीत असताना निबंधात लिहिलं, तेव्हा शाळेच्या बाईंनी मला अर्धा तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. विषय होता 'माझे वडील'. मी खरं तेच लिहिलं होतं. माझे अब्बा पेट्या दुरुस्त करतात, आधी नराचे सूर लावतात, मग मादी नराशी जुळवतात, मादी जुळली नाही तर किंचाळते. बाईंचा चेहरा लालबुंद. वही घरी दाखवून सही आणायला सांगितली. अब्बांना मराठी वाचताना अडखळायला व्हायचं, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून सही केली आणि म्हणाले, "गलत क्या लिखी इसमें? बराबर तो लिखी."

ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक पट्टी दाबली की आत पितळेचे दोन सूर बोलतात. एक जाड आवाजाचा, तो नर. दुसरा त्याच्या वरच्या सप्तकातला, बारीक, ती मादी. पेटीच्या तोंडाशी ज्या खुंट्या असतात, त्या ओढल्या की त्या त्या सुरांच्या रांगेत हवा जाते, आत ढकलल्या की ती रांग मुकी होते. दोन्ही रांगा एकमेकींशी नीट जुळल्या नसतील तर आवाज डोलतो, वाँव-वाँव करतो. त्याला अब्बा लहर म्हणतात. सुराच्या टोकाला कानस मारली की सूर चढतो, मुळाशी मारली की उतरतो, आणि लहर हळूहळू मंदावत थांबते. ती थांबली की काम झालं. एवढंच आहे सगळं, पण हे एवढं यायला मला दहा वर्षं लागली आणि दोन-तीन डझन सूर मी वाकडे करून ठेवले. खरवडलेलं पितळ परत येत नाही.

आमचं दुकान मस्तगडला. पुढे दुकान, मागे घर, मध्ये हिरव्या कापडाचा पडदा. भोकरदनपासून अंबडपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या आमच्याकडे यायच्या. शाळांच्या यायच्या, कव्वालीवाल्यांच्या यायच्या, लग्नात गाणाऱ्या ऑर्केस्ट्रांच्या यायच्या. महिला भजनी मंडळांच्याही यायच्या, पण त्या आणून टाकणारा कायम कुणाचा तरी नवरा नाहीतर दीर. पेटी घेऊन एखादी बाई आमच्या काउंटरशी उभी राहिलेली मी लहानपणी एकदासुद्धा पाहिली नाही. बायांनी गायचं, पेटीवर बाप्यानं बसायचं, आणि कुठल्या पट्टीत गायचं तेही त्यानंच ठरवायचं, असा सगळीकडचा रिवाज होता. त्याची पट्टी बायांना खाली जायची, मग त्या घशातल्या घशात गायच्या आणि लोक म्हणायचे, बायकांच्या भजनात दम नाही.

मी पडद्याच्या आतल्या बाजूची. आधी भाता मारायला बसायचे. अब्बा सूर लावायचे आणि मी भाता हलवत राहायचे. हात कामात असला की कानाला दुसरं काही करायला नसतं, त्यामुळे कान आपोआप तयार झाला. दहाव्या-अकराव्या वर्षी मी अब्बांच्या आधी सांगायला लागले, "टोक को एक और मारो." ते रागवायचे नाहीत. खूश होऊन कानस माझ्या हातात द्यायचे. अम्मी म्हणायची, पोरीला रोटी शिकवायची तर कानस काय शिकवता. त्यावर अब्बांचं उत्तर ठरलेलं, "रोटी तेरे से सीखेगी, तू है ना." लग्न झालं तेही चार घरं सोडून. नवरा मोंढ्यात, धान्यबाजारात, एका दुकानावर कामाला. तो पहिल्याच महिन्यात म्हणाला, "जाऊन बस तिकडं दुपारची. घरात बसलीस तर माझ्या डब्याचे पण सूर लावशील." त्यामुळे माझं जाणं सुटलं नाही.

दहा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. अम्मीला जाऊन वर्ष झालं होतं. मी दुपारचं जेवण घेऊन गेले तर अब्बा एका मादीच्या सुराला कानस मारत बसले होते. मारत होते, ऐकत होते, पुन्हा मारत होते. लहर केव्हाच थांबून गेली होती, सूर आता पलीकडे चढायला लागला होता. मी म्हटलं, "अब्बा, हो गया. लहर गई." ते म्हणाले, "गई? मेरेकू तो वो थी तबिच नै सुनाई दी." मी वरच्या सप्तकातली एकेक पट्टी दाबून दाखवली. नर त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. मादीचे वरचे सूर त्यांच्यासाठी नव्हतेच. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातो म्हणतात, तसा गेला होता, आणि त्यांनी ते किती महिने कुणाला सांगितलं नव्हतं कोण जाणे.

ते उठले, शटर अर्ध्यावर ओढलं, कानस माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आज से मादी तू लगा. बाहर नक्को बोलू किसीकू." मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की पुढचं वाक्य मी धड ऐकलंच नाही.

मग तसंच चालू झालं. सकाळी अब्बा काउंटरवर बसून पेट्या उतरवून घ्यायचे. दुपारी शटर अर्धं खाली आणि पडद्यामागे मी. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की अब्बा पेटी पुढे ठेवायचे. पहिल्यांदा फक्त मादी माझी होती, दोन वर्षांत नरही माझ्याकडे आला. अब्बा भाता सांधायचे, पट्ट्या बसवायचे, पॉलिश करायचे. सूर सगळे माझे. पडद्याआड कणीक मळता मळता मी ऐकायचे, "मिस्त्री, काय हात हाय तुमचा!" सुरुवातीला मजा वाटायची. आपणच लपून बसलोय आणि राज्य दुसऱ्यावर आहे, तशी मजा. तीन-चार वर्षांनी ती मजा आंबली.

आता पेटीमास्तरांबद्दल सांगायला हवं. हे राजूरकडचे. एका नावाजलेल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि जिल्ह्यातल्या भजन स्पर्धांना परीक्षक असायचे. माणूस वाजवायचा फार गोड, हे कबूल केलंच पाहिजे. पण मत दिलं की ते मत नाही, हुकूम. त्यांचा एक हुकूम असा होता, की महिला मंडळांनी स्पर्धेत मादी बंद ठेवायची. आधीच बायकांचा आवाज बारीक, वर मादी उघडली की नुसती किरकिर, असं ते माइकवरून सांगायचे. हे इतकं पसरलं की महिला मंडळांच्या पेट्या आमच्याकडे यायच्या तेव्हा त्यांच्या मादीच्या खुंट्या गंजून घट्ट बसलेल्या असायच्या. वर्षानुवर्षं कुणी ओढल्याच नव्हत्या. आत सुरांवर हिरवट थर. आणून देणारा दीर सांगायचा, तेवढा नर बघा, मादीचं राहू द्या. मी प्रत्येक पेटीची खुंटी मोकळी केली, प्रत्येक सूर घासून पुसून नराशी जुळवला. कुणी ऐकणार नाही हे माहीत असून. हट्टी आहे मी, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

आठ वर्षं अशी गेल्यावर एकदा मास्तर स्वतःची पेटी न्यायला आले. स्टुलावर बसून त्यांनी सगळ्या खुंट्या ओढल्या आणि खालपासून वरपर्यंत वाजवलं. मी पडद्याआड चहाची कपबशी घेऊन उभी होते. वरच्या सप्तकात मादी अशी मोकळी बोलली की माझं मलाच बरं वाटलं. मास्तरांनी भाता थांबवला.

"मिस्त्री, अशी मादी लावणारा पुऱ्या जिल्ह्यात दुसरा न्हाई. काही लोक मला म्हणून राह्यले, का आता मिस्त्रीची पोरगीच पेट्या लावती म्हणून. म्या म्हणलं, बिलकुल न्हाई. बाईचा हात लागला आन् मादी अशी बोलली, हे होणंच न्हाई."

वाटलं, आता. आता सांगतील. आणि अब्बा हसले. चांगले मोकळे हसले आणि म्हणाले, "पोरगी कशाला लावती मास्तर? ती आपली भाता पुसून देती, बस."

चहा मी मोरीत ओतून दिला. मास्तर गेल्यावर बाहेर आले.

"भाता पोंछती मैं?"

अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो क्या बोलता? लोगां मेरे नाम पे आते. तेरा नाम सुने तो कल से एक पेटी नै आती."

"आठ साल से सूर किसके हैं?"

"घर की बात घर में रहने दे."

मी कानस त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "मग उद्यापासून मादी तुमच्या नावानंच लावा. बघू नाव किती बारीक ऐकतं ते." रागाच्या भरात मी अब्बांशी मराठीतच बोलते, ही माझी लहानपणापासूनची खोड. चपला घातल्या आणि चार घरं चालून माझ्या घरी आले. दार लावून इतकी रडले की नवऱ्यानं त्या दिवशी काही गंमत केली नाही.

मी संप केला. दोन्ही वेळचं जेवण नेऊन ठेवायचे, भांडी उचलायचे, बोलायचे नाही. तेही बोलायचे नाहीत. हट्ट त्यांच्याकडूनच आलाय. दुकान चालूच होतं. साध्या कामांच्या पेट्या ते उरकत होते, कुणाचा भाता फाटला, कुणाची पट्टी बसली. मग मास्तरांनी आपल्या मंडळाची मोठी पेटी पाठवली. राजूरला चतुर्थीला त्यांचं भजन होतं, सगळे सूर नव्यानं लावून हवे होते. मला वाटलं आता तरी बोलावतील. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर जमिनीवर पितळेचा बारीक भुगा पडलेला आणि अब्बा पेटीच्या लाकडाला कान टेकवून, डोळे गच्च मिटून बसलेले. मी आल्याचं त्यांना कळलंही नाही. वरचा सूर डोलत होता, खोलीभर डोलत होता, आणि त्यांच्यापर्यंत तो पोचत नव्हता.

माझा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता. मी तो मागे घेतला, डबा ठेवला आणि निघून आले. ती पेटी बेसूर जाणार हे मला माहीत होतं आणि मी ती जाऊ दिली. हे बरोबर केलं असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी गप्प बसून लावून दिली असती, तर उरलेलं आयुष्य भाता पुसण्यात गेलं असतं, हेही खरं आहे.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत ताट वाढत होते, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मास्तर आणि मंडळातले दोघं जण पेटी उचलून आत आले. काउंटरवर ती आदळलेली मला आत ऐकू आली.

"मिस्त्री, काय करून ठेवलं हे? माइकवर साऱ्या गावानं ऐकलं! वर गेलो, मादी उघडली, आन् ती रडायला लागली. लोक हसले हो मला." मग आवाज खाली आणून, "खरं सांगा. पेटीला बाईचा हात लागला ना? मला पहिलीच शंका आल्ती."

माझ्या हातात भाजीची पळी तशीच.

हो म्हणणं किती सोपं होतं. हो मास्तर, चूक झाली, पोरीनं हात लावला, पुन्हा लावू देणार नाही. एवढं म्हटलं की अब्बांचं चाळीस वर्षांचं नाव जागच्या जागी राहत होतं. दोष सगळा माझ्यावर आला असता, आणि मी पुन्हा कधीच कुणाला सांगू शकले नसते, कारण लोक म्हणाले असते, हां, तीच ना, जिनं राजूरची पेटी बिघडवली. मला हे कळत होतं आणि पडद्यापलीकडच्या माणसालाही कळत होतं.

अब्बा मराठीत, सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले.

"मास्तर, शंका तुमची बराबर हाय, पण उलटी हाय. ह्या पेटीला तिचा हात लागला न्हाई, म्हणून ती रडली. ही म्या लावली. मला मादी ऐकू येत न्हाई. आठ वर्षं झाली. तुम्ही ज्याची तारीफ करत आले, ते समदे सूर पोरीचे हायेत."

आणि मग आत तोंड करून, "बाहर आ."

मी पळी घेऊनच बाहेर आले. मास्तर माझ्याकडे बघत होते, मग अब्बांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "पण माझ्या पेटीत तर तुमचं नाव हाय, मिस्त्री. म्या सोता पाह्यलं."

हे खरं होतं. पेटी लावून झाली की मिस्त्री झाकणाखालच्या लाकडावर पेन्सिलीनं आपलं नाव आणि साल लिहितो. पुढच्या वेळी कोण उघडेल त्याला कळावं की शेवटचा हात कुणाचा. आमच्या पेट्यांत अब्बांचं नाव असायचं. सूर मी लावायचे आणि नाव ते लिहायचे.

"ते नाव खोटं हाय," अब्बा म्हणाले. "म्या लिहिलं. तिनं न्हाई."

मंडळातला एक जण पुटपुटला की औरंगाबादला दुसरा मिस्त्री आहे, तिकडे नेऊ. मास्तर काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "न्या की. पण आधी अर्धा तास बसा. पेटी इथंच लावते, तुमच्यापुढं. पडद्यामागं नाही." शटर अर्धंच वर होतं. मी ते पूर्ण ढकललं. रस्त्यावरचं ऊन थेट काउंटरपर्यंत आलं. समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला तर बघू दे म्हटलं.

सुरांची पाटी उघडली. मास्तरांना सांगितलं, "भाता तुम्हीच मारा. नर आणि मादी दोन्ही उघडते. डोलतंय ते ऐकू येतं?" त्यांनी मान हलवली. "डोलणं थांबलं की थांब म्हणा." मी मुळाशी कानस फिरवली. सूर पाटीत, पुन्हा भाता. वाँव-वाँव सावकाश झालं. पुन्हा कानस. मास्तरांचे डोळे मिटले गेले. "थांब," ते म्हणाले. मी ज्या क्षणी हात उचलला होता त्याच क्षणी. पुढचा सूर. "थांब." त्याच्या पुढचा. पाच-सहा सुरांनंतर ते थांब म्हणायचं विसरले आणि नुसता भाता मारत ऐकत राहिले. ते दोघं जण दारात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला गप्प बसवत होते. अर्ध्या तासाचे तीन तास झाले. कुणी उठलं नाही. मी वाढलेलं ताट आत तसंच गार झालं. इतकं छान मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, हे लिहायला मला कसलाही संकोच नाही.

शेवटी मास्तरांनी वाजवून पाहिलं. वर गेले, मादी उघडी ठेवून वरच थांबले. "आता बोलली," म्हणाले. मग घसा खाकरून, "ताई, पण हे बाहेर सांगायची काही जरूर न्हाई."

"सांगणार," मी म्हटलं. "आणि अजून एक. स्पर्धेत बायांना मादी बंद करायला लावता ना? ती किरकिर बायांची नव्हती. त्यांच्या पेट्यांची मादी कधी कुणी लावलीच नव्हती. दीर येऊन सांगतो, तेवढा नर बघा. आता लावल्यात सगळ्या. उघडून ऐका एकदा."

त्यावर मास्तर पेटी उचलून गेले. माइकवरून त्यांनी माझं नाव आजतागायत घेतलेलं नाही आणि घेतील असं वाटतही नाही. पण पुढच्या स्पर्धेत तो हुकूम दिला गेला नाही. हे मला अंबडकडच्या एका महिला मंडळातल्या बाईनं सांगितलं. तिनं भीत भीत मादी ओढली, मास्तरांकडे पाहिलं, तर ते खाली कागदावर काहीतरी लिहीत होते. "आन् ताई, अशी बोलली म्हणून सांगू! आमच्या आम्हालाच काटा आला." या बाया त्यानंतर स्वतः पेटी उचलून आमच्या दुकानात आल्या. पेटीवर आता त्यांच्यातलीच एक बसते.

काही मंडळं तुटली. दोन-तीन तर खानदानी गिऱ्हाइकं होती, परत फिरकली नाहीत. अब्बांची भीती अगदीच खोटी नव्हती. जे येत राहिले त्यांची वेगळीच पंचाईत झाली. काउंटरवर बाई बसलेली, तिच्यापुढे नर-मादी कसं म्हणायचं? कुणी 'लेडीज सूर' म्हणायला लागला. कुणी 'त्या वहिनींचं बघा' म्हणाला. एक गृहस्थ लाजून नुसतं "मागचं बिघडलंय" म्हणाले. मादीची रांग मागे असते म्हणून. मी समजले मागचा भाता. आख्खा भाता बदलून, नवं कातडं लावून दिला. बिचारे घरी जाऊन परत आले. "ताई, भाता न्हाई हो. ती... तिचा... म्हंजे..." त्या दिवसापासून मी नियमच केला. मादी म्हणायचं. पेटीतली वस्तू आहे, शिवी नाही. आता बरेच जण सरळ म्हणतात. मास्तर अजून चिठ्ठीत लिहून पाठवतात.

मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणारी एक बाई आली. तिची पेटी नव्हती, काही दुरुस्तीही नव्हती. म्हणाली, "सगळे म्हणतात माझा आवाज दबलेला आहे. बारा वर्षं गातेय. माझी पट्टी कोणती ते मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही. गाणाऱ्या भाऊंची पट्टी काळी एक, तीच माझी." मी एकेक पट्टी दाबत गेले आणि ती आ लावत गेली. काळी एकला घोगरी, काळी तीनला जरा उघडली, आणि काळी चारला असा आवाज लागला की समोरच्या दुकानातला माणूस पुन्हा वळला. तिनं माझा पेन घेतला आणि तळहातावर 'काळी चार' लिहिलं. पुढच्या लग्नात तिनं तेच सांगितलं. वाद्यवाले कुरकुरले, पण ती अडून बसली. मग त्यांनी काळी चारमध्ये वाजवलं. ती आता येता-जाता मला हाक मारून जाते.

दरवर्षी सप्ताहांच्या आधी जुन्या पेट्या पुन्हा लावायला येतात. झाकण उघडलं की आत पेन्सिलीतलं नाव आणि साल. मला वाटलं होतं ते तसंच राहू द्यावं. जे झालं ते झालं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं. पण पहिली पेटी उघडल्यावर अब्बांनी चष्मा लावला, साल पाहिलं आणि खिशातून नवं कोरं खोडरबर काढलं. कधी आणलं होतं कुणास ठाऊक. नाव खोडलं, भुगा फुंकला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिख." मी लिहिलं. आता प्रत्येक पेटीला ते हेच करतात. साल त्या आठ वर्षांतलं असलं की खोडायचं, त्याआधीचं असलं की त्यावर बोट फिरवून तसंच ठेवायचं. एक गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या हो मिस्त्री, एवढं नाव कशाला पुसता. तर अब्बा म्हणाले, "नाव माझं हाय, काम न्हाई."

मागच्या महिन्यात मास्तरांच्या मंडळाची मोठी पेटी आली, तीच, राजूरला रडलेली. मी झाकण उघडलं. आत अब्बांचं नाव होतं. त्या दिवशीच्या गडबडीत माझं लिहायचं राहून गेलं होतं. मी सवयीनं खोडरबरासाठी हात पुढे केला, तर अब्बांनी खिसा धरला.

"ये नक्को. आठ साल में येइच एक मेरी है."

"पर अब्बा, ये तो बिगड़ी थी."

"वोइच तो बोल रा मैं. बिगाड़ी भी मैंनेच, सच भी इसीच पे बोल्या. रहने दे."

मी राहू दिलं. त्याच्या खाली माझं नाव लिहिलं, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात, आणि ते बघून अब्बा म्हणाले, "हां. बराबर."